डोक्याला न टेकणारी टोपी

नाव, वय, धंदा
*उत्तर: तिजानी झरूक. चौसष्ट. शेशिया बनवतो.*

एवढं खरं होतं. पुढची बरीचशी उत्तरं खोटी होती, आणि ती तपासत बसायला वॉर्डात कुणाला सवड नव्हती.

ट्यूनिसच्या त्या इस्पितळातला फॉर्म फ्रेंचमध्ये होता. मब्रूक नावाचा जुना परिचारक एकेक प्रश्न घरच्या बोलीत विचारायचा आणि सी तिजानी (तिकडे वडीलधाऱ्या माणसाला 'सी' म्हणतात) मनाला येईल ते सांगायचा.

"शेशिया म्हणजे ती लाल टोपी ना? आमच्या आजोबांच्या डोक्यावर असायची ती?"

"त्यांची माझ्या वडिलांनी केलेली असेल. तुझ्या डोक्यावर जे आहे, त्याला आमच्या बाजारात पिशवी म्हणतात."

मब्रूकने आपल्या कागदी टोपीला हात लावला आणि हसला. "बरं, आता तुमची काढा. डोकं बघायचंय."

"आधी दार लाव."

बाहेर बाकावर बेया बसली होती. तीस वर्षांच्या संसारातली बायको, पण दार तिच्यासाठीही लावायचं होतं. घरात तो पांढरी सुती टोपी घालून झोपायचा. तिने ते डोकं कधी पाहिलंच नसेल असं नाही. पण पाहिलं असं दोघांपैकी कुणी कधी बोललं नव्हतं.

मब्रूकने टोपी काढली, खालचं फडकं काढलं, आणि त्याच्या थट्टा थांबल्या.

जखम पहिल्यांदा केव्हा लक्षात आली?
*उत्तर: सहा महिन्यांपूर्वी.*

चार वर्षांपूर्वी. टाळूवर मोत्यासारखा एक दाणा आला होता. खाजवला की खपली धरायची, खपली निघाली की पुन्हा ओलं व्हायचं. सी तिजानीने जे त्याला येत होतं ते केलं: शेशियाला आतून मऊ अस्तर लावलं. अस्तर दर आठवड्याला बदलायचं. दाण्याचं नाणं झालं, नाण्याची बशी झाली. अस्तर जाड होत गेलं, आणि दुकानातला भागीदार फर्जानी म्हणाला, "काय रे, म्हातारपणी डोक्याला थंडी वाजायला लागली की काय?"

"तुझ्या बोलण्याची वाजते," तिजानी म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

शेवटी वास आला. उशीवर डाग दिसले. मुलगी वसीला शाळेत शिकवते. वर्गातल्या पोरांना हाताला धरून न्यावं तसं तिने त्याला हाताला धरून इस्पितळात आणलं. रस्ताभर तो सांगत होता, की मलम मिळालं असतं तर बरं झालं असतं.

लहानपणी डोक्यावर किरण घेतले होते का?
*उत्तर: माहीत नाही.*

माहीत होतं. तो सात वर्षांचा होता. शाळेतल्या निम्म्या पोरांच्या डोक्यात गजकर्ण झालं होतं. मग एक गाडी आली, गाडीत यंत्र होतं. पोरांची रांग लावली. जांभळ्या पेन्सिलीने डोक्यावर रेघा मारल्या, खुर्चीवर बसवलं, हलू नकोस म्हणाले. काही दुखलं नाही. तीन आठवड्यांनी केस मुठीमुठीने हातात आले, उरलेले मेण लावून ओढून काढले. गजकर्ण गेलं. बाकीच्या पोरांचे केस परत उगवले. तिजानीचे काही ठिपके सोडले तर उगवले नाहीत, कारण त्याला दोनदा बसवलं होतं. पहिल्यांदा तो हलला होता. निदान घरी तरी सगळे असंच म्हणायचे, की तू हललास म्हणून.

गल्लीत त्याचं नाव पडलं फर्तास. खवल्या डोक्याचा. चेंडू मागितला तरी फर्तास, पाणी मागितलं तरी फर्तास. बापाने दोन महिने ऐकून घेतलं, मग पोराला शाळेतून काढलं, डोक्यावर शेशिया चढवली आणि आपल्या दुकानात बसवलं. ज्याचं डोकं टोपीशिवाय कुणाला दिसू नये, त्याने टोपीचाच धंदा करावा, हे बापाला एका रात्रीत सुचलं होतं. तेव्हापासून सत्तावन्न वर्षं त्या डोक्याला ऊन लागलं नव्हतं.

हे सगळं मब्रूकला सांगायचं म्हणजे फर्तास हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारायचा. त्यापेक्षा माहीत नाही बरं.

डॉक्टर सिवारने मात्र फॉर्म वाचलाच नाही. ती चाळिशीच्या आतली, बारीक चणीची, हात धुऊन धुऊन पांढरे पडलेली बाई. तिने डोक्यावर दिवा धरला आणि म्हणाली, "गाडी कुठल्या शाळेत आली होती?"

सी तिजानीने दार लागलंय का ते बघितलं.

"तुमच्या वयाची पंचवीसेक माणसं मी अशीच बघितली आहेत, सी तिजानी. ह्या कातडीवर मला लिहिलेलं वाचता येतं. चमकते, केस नाहीत, खाली रक्त नाही. त्या काळी इलाज तोच होता, पण त्याचं फळ पन्नास वर्षांनी येतं. हा कॅन्सर आहे. सावकाश चालणारा आहे. पण तुम्ही त्याला चालायला भरपूर वेळ दिलात."

"मी हललो होतो," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

शस्त्रक्रिया समजावून सांगितली. समजली का?
*उत्तर: हो.*

पहिल्या वेळी तिने सगळं वाईट कापून काढलं. तळहाताएवढी कातडी गेली, खालच्या हाडाचा वरचा पापुद्रा तासून काढला. वर तात्पुरती पट्टी घालून आठवडाभर ठेवलं. कापलेल्याची कड तपासून आली, एका बाजूची कड अजून घाण निघाली. पुन्हा नेलं, दोन बोटं आणखी काढलं. ह्या वेळी कड स्वच्छ आली. आता डोक्यावर एक मोठं उघडं हाड होतं आणि ते झाकायचं होतं.

"मांडीची कातडी लावून टाका," सी तिजानी म्हणाला. "भाजलेल्या माणसांना लावतात तशी."

"उघड्या हाडावर कातडी धरत नाही. आणि तुमचं हाड तर किरणांनी सुकलेलं."

"मग ठिगळ मोठं घ्या."

"ठिगळ नाही हे. ठिगळाला रक्त लागत नाही." डॉक्टर सिवार त्याच्या पलंगाच्या कडेवर बसली, आपल्याच पाठीवर हात नेऊन दाखवत म्हणाली, "इथला एक रुंद स्नायू आहे. तो काढला तरी तुमचं काही अडत नाही. तो उचलायचा, त्याच्या रक्ताच्या दोन नळ्यांसकट. एक रक्त आणते, दुसरी नेते. तो डोक्यावर पसरायचा, आणि त्या नळ्या इथल्या नळ्यांना जोडायच्या." तिने त्याच्या डाव्या कानापुढे बोट ठेवलं. "मग वरून मांडीची पातळ कातडी. खाली जिवंत मांस असलं की ती धरते."

"नळी किती जाड?"

"रश्श्यात घालतो त्या शेवयांएवढी."

"आणि शिवायची कशाने?"

"केसाहून बारीक दोऱ्याने. सूक्ष्मदर्शकातून बघत."

सी तिजानीने तिच्या बोटांकडे बघितलं. "आमच्या बाजारात असतीस पोरी, तर तुला आम्ही मुखिया केलं असतं."

"मग मुखियाचं ऐका. सहा आठवडे कुठेही दाब नको. त्या बाजूला झोपायचं नाही, उशी नाही, घट्ट पट्टी नाही. टोपी तर नाहीच."

"आणि टोपी वर टेकलीच नाही तर?"

ती हसली. "टोपी वर टेकल्याशिवाय राहील कशी, सी तिजानी?"

तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. त्याला वाटलं, तिने त्याच्या धंद्यातला एक प्रश्न विचारलाय.

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. नंतर पाच दिवस मब्रूक तासातासाला येऊन पेनासारखं एक यंत्र कानापुढे टेकवायचा. त्यातून आवाज यायचा, फुस्, फुस्, फुस्, कुणी भात्याने चूल फुंकावी तसा.

"ऐका, तुमची पाठ बोलतेय," मब्रूक म्हणायचा. "आता पाठ खाजली की डोकं खाजवा."

"आणि तुझं तोंड खाजलं की?"

"मी आहेच इथे."

डॉक्टर सिवार रोज येऊन तो उंचवटा बोटाने दाबायची, फिका पडून पुन्हा गुलाबी होतो का बघायची. अकराव्या दिवशी तिने त्याला घरी सोडलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते सी तिजानीने ओळखलं. चांगला माल साच्यावरून उतरला की त्याच्याही चेहऱ्यावर तेच यायचं.

घरी काळजी घेणारी व्यक्ती
*उत्तर: पत्नी.*

पहिल्या दिवशी पट्टी सोडताना बेया काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "उकडलेल्या जिभेसारखं दिसतंय."

"पाठ आहे ती माझी. ओळखली नाहीस?"

"तीस वर्षं तुमची पाठच बघत आले, सी तिजानी. ओळखणार नाही तर काय." आणि तिने मिठाच्या पाण्यात कापूस बुडवला.

असं त्यांचं चाललं होतं. कदाचित सहा आठवडे असंच चाललं असतं. पण शस्त्रक्रियेच्या चोविसाव्या दिवशी वसीलाचा निकाह होता, त्यांच्या बोलीत सदाक. सीदी महरेजच्या दर्ग्यात, दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजानंतर, पुरुष मंडळी रांगेने बसणार, करार लिहिणारे दोघे मध्ये, फातिहाची प्रार्थना म्हटली जाणार. नवरामुलगा नादिर सफाक्स शहराचा, जहाजावर नोकरीला. निकाहनंतर बारा दिवसांनी त्याला सात महिन्यांसाठी समुद्रावर जायचं होतं.

"पुढे ढकलू," वसीला म्हणाली. "सात महिन्यांनी करू."

"समुद्रावर जाणाऱ्या माणसाचं सात महिन्यांनंतरचं कुणी सांगावं?" बेया म्हणाली.

"मग बाबा पट्टी बांधूनच येतील. स्वच्छ पांढरी पट्टी. काय बिघडलं?"

सी तिजानीने मान हलवली नाही, ती हलवायची मनाई होती. पण आवाज चढला. "सफाक्सच्या अकरा माणसांनी माझ्या दुकानातून अकरा शेशिया नेल्यात. अकरा लाल टोप्यांमध्ये मी एकटा पांढरं बोडकं डोकं घेऊन बसू? शेशियावाला? स्वतःच्या मुलीच्या सदाकला?"

"बोडकं डोकं राहू दे," बेया हळूच म्हणाली. "ते लोक विचारतील, बापाच्या डोक्यात काय झालंय. आणि मग विचारतील, मुलीच्या डोक्यात काय आहे. असलं रक्तातून येतं म्हणतात."

"रक्तातून नाही येत, अम्मा. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी तुला सांगितलं. सफाक्सला कोण सांगायला जाणार?"

वसीलाने तोंड उघडलं होतं. मग बापाकडे बघितलं, आणि मिटलं. ते गप्प बसणं सी तिजानीने होकारात धरलं.

शस्त्रक्रियेनंतर डोक्यावर काही घातले होते का?
*उत्तर: नाही.*

टोपी त्याने सहा दिवसांत केली. स्वतः उभं राहवत नव्हतं म्हणून खुर्चीत बसून सांगत गेला, आणि हात फर्जानीचे चालले.

"कुणासाठी आहे?" फर्जानीने विचारलं.

"सफाक्सच्या एकासाठी. लांब डोक्याचा आहे."

"सफाक्सवाला त्याच पैशात जास्त लोकर मागतोय आणि तू देतोयस?"

"बोलू नकोस, आटव."

शेशिया काय असते? विणलेली मोठी ढगळ पिशवी गरम पाण्यात साबणाने रगडून रगडून आटवायची, तिची वीण मोडून एकजीव जाड कापड होतं. मग काटेरी बोंडांनी तिची लव उठवायची, रंगवायची, साच्यावर चढवून दाबायची. सगळी शेशिया डोक्याच्या माथ्यावर बसते. माथा तिचं वजन घेतो, कड नुसती सोबतीला असते. सी तिजानीला उलटं करायचं होतं. माथ्याला काही कळता कामा नये. त्याने साच्याच्या डोक्यावर चार बोटं उंचीचा लाकडाचा तुकडा ठेवला, त्यावर टोपी ओढली, वरचा भाग डिंकाच्या पाण्याने असा ताठ केला की बोटाने ठोकला तर भोपळ्यासारखा वाजेल. खाली पट्टी, मांस, कातडी, सगळं मोकळ्या हवेत राहणार. घुमट झाला तो, आत रिकामा.

आणि घुमट खाली बसू नये म्हणून कड घट्ट केली. कानांच्या वरून, कपाळावरून, मागून, एकसारखी. पुन्हा पुन्हा साच्यावर चढवून बघितली. हलवली, उलटी केली, हलली नाही. सत्तावन्न वर्षांच्या धंद्यात असं काम त्याने केलं नव्हतं. फर्जानीने हात पुसले आणि नुसता बघत राहिला. लाकडाच्या साच्याच्या कानापुढून काही वाहत नव्हतं, त्यामुळे साच्याने तक्रार केली नाही.

निकाहच्या दिवशी बेयाने पट्टीवर एकच पातळ थर ठेवला. त्याने आरशासमोर टोपी दोन्ही हातांनी अलगद डोक्यावर चढवली. वर टेकली नाही. त्याने वरून ठोकून आत फट राहिल्याची खात्री केली, बेयालाही ठोकून बघायला लावलं.

"वर पोकळ वाजतंय," ती म्हणाली.

"सांगत होतो ना."

दर्ग्यात सगळ्यांच्या नजरा वळल्या. नादिरचे मोठे काका सी तौफीक, साठी ओलांडलेले, जाडजूड, सगळ्या खानदानाचे विदूषक, उठून पुढे आले. "सी तिजानी, ही टोपी आहे की मनोरा? वर बांग द्यायला कोण चढलंय?"

"सफाक्सचे पाहुणे येणार म्हणून उंच केली. खाली तुमच्यासाठी जागा ठेवली."

हशा झाला. बदामाचं सरबत फिरलं. करार लिहिणाऱ्यांनी नावं विचारली, त्याने खड्या आवाजात सांगितली. वसीलाने सही केली. फातिहासाठी सगळ्यांनी हात उचलले तेव्हा त्याने मान जराशी झुकवली, आणि टोपी तिळभर सरकली नाही. डाव्या कानाशी आधी ठोके लागत होते. तासाभराने ते थांबले. त्याला बरं वाटलं. टोपी बसली, असं त्याला वाटलं.

साडेचार तासांनी घरी येऊन टोपी काढली तेव्हा डाव्या बाजूला बोटभर रुंद लाल खाच होती. वरचं मांस कोवळ्या वांग्याच्या रंगाचं झालं होतं.

"रंग बदललाय," बेया म्हणाली.

"दिव्याचा आहे."

दुसऱ्या दिवशी उन्हातही तोच रंग होता. तिसऱ्या दिवशी काळसर. "डॉक्टरांकडे जाऊ," बेया म्हणत राहिली. ठरलेली तपासणी गुरुवारी होती. गुरुवारी जाऊ, तो म्हणत राहिला. लवकर गेलो तर ती का विचारेल, आणि का विचारलं तर सांगावं लागेल.

गुरुवारी डॉक्टर सिवारने सुई टोचली. रक्त आलं नाही. तिने दुसऱ्या जागी टोचली, तिसऱ्या जागी टोचली. मब्रूकने यंत्र कानापुढे धरलं. भाता बंद होता.

"काय झालं? काही दाब आला होता?"

"झोपेत त्या कुशीवर वळलो असेन."

"किती दिवस झाले रंग बदलून?"

"कालपासून."

तिने सुई बाजूला ठेवली. "रंग बदलला तेव्हाच आला असतात तर काही तासांत उघडून बघितलं असतं. बहुधा वाचवला असता. महिना उलटत आला, दुसऱ्या कुणाचं असतं तर खालून रक्त मिळायला लागलं असतं. तुमच्या हाडात द्यायला काही नाही. त्या एका शेवयेवर जगत होतं सगळं."

नऊ तासांची शिवण तिने चाळीस मिनिटांत काढून टाकली. पुन्हा हाड उघडं पडलं.

दुसऱ्या शस्त्रक्रियेस संमती
*उत्तर:*

ही जागा पाच दिवस कोरी होती.

डॉक्टर सिवारने त्याच्यासमोर वसीलाला सांगितलं. पाठीच्या उजव्या बाजूचा स्नायू अजून आहे. उजव्या कानापुढची नळी अजून आहे. दोन्ही एकेकच. "दाबाने मेला असेल तर मी पुन्हा करीन. पण महिना होत आल्यावर, नुसतं कुशीवर वळल्याने असं होत नाही. तसं नसेल तर मग ह्यांच्या नळ्याच आतून खराब आहेत, आणि दुसराही असाच मरेल. मग पाठ जाईल, नळी जाईल, हाड तसंच राहील. कारण कळल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"आणि हात लावला नाही तर?" वसीलाने विचारलं.

"हाडाला बारीक भोकं पाडायची, त्यातून मांस वर येतं का वाट बघायची. आलंच तर कागदासारखी कातडी. दर हिवाळ्यात फुटणारी. आणि खाली मेंदू आहे."

ती गेल्यावर वसीला पलंगाच्या कडेवर बसली. "बाबा, टोपीचं सांगा त्यांना."

"टोपी वर टेकली नव्हती."

"सांगा."

"तुझ्यासाठी घातली मी ती."

"मी कुठे मागितली होती?" तिचा आवाज शाळेतला झाला. "नादिरला मी सगळं इस्पितळाच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तो म्हणाला, आमच्या तौफीककाकांनाही लहानपणी असंच किरणांच्या खुर्चीत बसवलं होतं, त्यांचंही डोकं तसंच आहे. त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही चिडला होतात त्या दिवशी हेच सांगणार होते. मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही, की मी परक्यांना सांगितलं."

दर्ग्यात सफाक्सच्या एकूण एक माणसाला माहीत असताना, तेच त्यांच्यापासून लपवण्यासाठी, सी तिजानी साडेचार तास घुमट डोक्यावर घेऊन बसला होता. हे कळूनही त्याने डॉक्टरला सांगितलं नाही. आता तर आणखीच सांगवेना. पहिल्या खोट्याला निदान काही कारण होतं.

सहाव्या दिवशी फर्जानी आला. डॉक्टर सिवार स्वतः पट्टी बदलत होती, डोकं उघडं होतं, आणि दार लावायचं राहून गेलं होतं. फर्जानी उंबऱ्यातच थबकला, पण चांगली बातमी घेऊन आलेला माणूस फार वेळ थबकत नाही.

"तुझ्या त्या उंच टोपीने बाजार गाजवलाय. सफाक्सहून मागणी आलीय. ते जाडे काका, तौफीक. त्यांना अगदी तुझ्यासारखीच हवी. माथ्याला टेकता कामा नये म्हणाले, बाकी रंग कुठलाही चालेल. मी म्हटलं, ती तर लांब डोक्याच्या माणसासाठी होती. तर म्हणे, छे, ती खुद्द सी तिजानीनेच घातली होती निकाहला. मला फसवलंस की रे तू."

डॉक्टर सिवारचा हात थांबला. "कसली टोपी?"

फर्जानीला धंद्याबद्दल कुणी विचारलं की राहवत नाही. "टोपी नाही बाई, कारागिरी. वर चार बोटं पोकळ. सगळा भार कडेवर. अशी आवळून बसते की वादळात हलणार नाही." त्याने दोन्ही तर्जन्या आपल्या कानांपुढे दाबून दाखवल्या. "इथे, इथे पकड."

मग डॉक्टरने हातमोजा घातलेलं एक बोट सी तिजानीच्या डाव्या कानापुढे ठेवलं. खाच अजून पुरती बुजली नव्हती.

"इथे?"

"हो," तो म्हणाला.

"किती वेळ?"

"साडेचार तास."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पट्टी पूर्ण केली, हातमोजे काढले, टेबलावरचा फॉर्म घेतला, *नाही* वर काट मारली आणि *हो* लिहिलं. "नळ्या चांगल्या होत्या तर," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "माझी शिवणही चांगली होती. पुढच्या मंगळवारी करू. उजवीकडून. हा गेला तर माझ्याकडे तिसरा नाही, आणि तुमच्याकडेही नाही. सही करा."

त्याने केली. ती दारातून वळून म्हणाली, "मी मनाई केली होती, सी तिजानी. तुम्ही त्यातून वाट शोधलीत." आणि गेली.

फर्जानी अजून उभाच होता. त्याला अर्धंमुर्धं कळलं होतं. "मग मी... त्या तौफीकना काय सांगू?"

"फोन लाव त्याला. मला दे."

पलीकडून सी तौफीकचा मोठा आवाज आला. "सी तिजानी, मनोरा कधी मिळतोय?"

"तुझ्या डोक्यावर काय आहे?"

"माझ्या? अक्कल आहे, थोडीफार."

"ओलं आहे का? खपली धरते का?"

"तू टोपीवाला आहेस की हकीम?" सी तौफीक म्हणाले. "मला उंच टोपी आवडली, एवढंच. काही नाही माझ्या डोक्याला."

"इथे एक डॉक्टरबाई आहे. ये. मी तुझ्याबरोबर बसतो."

"अरे, तुम्ही ट्यूनिसवाले पाहुण्याला जेवायला बोलावता की इस्पितळात?" ते हसले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "तुला जमत नसेल तर सांग. बाजारात दुसरी दुकानं आहेत. मी एकाला विचारूनही ठेवलंय."

फोन बंद झाला.

दुसरी दुकानं होती, हे खरं. त्यांच्यातला कुणीही फर्जानीला दोन प्रश्न विचारून ती टोपी करू शकला असता, आणि चांगली केली असती. सी तिजानीने फोन फर्जानीच्या हातात दिला. बाहेरून जेवणाच्या गाडीची चाकं वाजत गेली.

"घे त्याची मागणी," तो शेवटी म्हणाला. "आपणच करू."

फर्जानीने खिशातून पेन्सिल काढली. "उंची तीच?"

"उंची तीच. वरून अगदी तशीच दिसली पाहिजे."

"आणि घेर?"

"दोन बोटं सैल."

फर्जानीने पेन्सिल कागदावरून उचलली. "सैल केला तर घालताच खाली बसेल. माथ्यावर घासेल."

"घासू दे."

"अरे, त्याला दुखेल."

"पहिल्या तासात दुखलं पाहिजे. टोपी काढून फेकली पाहिजे त्याने, घरच्यांच्या समोर. खाली ओलं असेल तर त्यांना दिसेल."

"म्हणजे वाईट टोपी करायची," फर्जानी म्हणाला. सत्तावन्न वर्षांत त्या दुकानातून मुद्दाम वाईट माल गेला नव्हता. "आणि शिक्का? कारागीर म्हणून शिक्का कुणाचा मारू आतून?"

सी तिजानीने उजव्या कानापुढे हात नेला. तिथे अजून ठोके लागत होते. त्याने हात लगेच काढून घेतला.

"माझाच मार," तो म्हणाला.